राजगड ते तोरणा: धारेवरचा एक दिवस आणि खिंडीतलं घड्याळ

पुण्यातल्या ट्रेकर मंडळींचा क्रम साधारण ठरलेला असतो. आधी सिंहगड, मग लोहगड नाहीतर तिकोना, मग राजगड, आणि त्यानंतर कुणीतरी चहाच्या टपरीवर म्हणतं, "रेंज करायची का?" रेंज म्हणजे राजगड ते तोरणा. दोन्ही गड चौदाशे मीटरच्या आसपास उंचीचे, दोघांमधलं हवाई अंतर जेमतेम आठ किलोमीटर. राजगडाच्या संजीवनी माचीवर (माची म्हणजे गडाच्या सोंडेवरचा तटबंदी घातलेला भाग) उभं राहिलं की समोर तोरण्याची बुधला माची अगदी जवळ दिसते. दोन-तीन तासांत पोचू असं वाटतं. प्रत्यक्षात मधली डोंगरधार सारखी चढते, उतरते, वळते, आणि चांगल्या चालीनेसुद्धा संजीवनी ते बुधला सहा ते आठ तास घेते.

या वाटेवर लिंगाण्यासारखं दोर लावून चढण्याचं काम नाही. रोज व्यायाम करणाऱ्या माणसाला झेपेल अशीच वाट आहे. तरीही लोक अडकतात, आणि जे अडकतात ते बहुधा उशीर झाल्यामुळे अंधारात अडकतात. म्हणून हा लेख मी वाटेच्या क्रमाने लिहितो आहे, पण त्याचा सगळा हिशोब एकाच जागेवर बेतलेला आहे: दोन गडांच्या मधोमध, जिथे गाडीरस्ता धार ओलांडतो ती खिंड. तिथे किती वाजता पोचता, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

आधी पाय तपासून घ्या

सिंहगडाची आतकरवाडीची वाट ही आपली घरची परीक्षा. पायथ्यापासून वर साधारण सहाशे मीटरची चढण आहे. पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन सव्वा ते दीड तासात वर पोचता आलं आणि उतरल्यावर गुडघे कुरकुरले नाहीत, तर पहिली पायरी पार पडली. इथे लोक एक गफलत करतात. चढायची वेळ मोजतात आणि उतरायला गाडी पकडतात. रेंज ट्रेकमध्ये पाय चढाला दमतात खरे, पण दगा उताराला देतात. तेव्हा सिंहगड चढा आणि चालतच उतरा, गडावरचं दही-ताक जरूर पिऊन.

दुसरी पायरी कात्रज-सिंहगड. जुन्या कात्रज बोगद्यापासून निघून एकामागून एक टेकड्या घेत सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागायचं. तेरा टेकड्या म्हणतात. मोजायच्या कशा यावर दर वेळी वाद होतो. वाटेत पाण्याचा भरवसा नाही, सावली नाही, आणि एकेक टेकडी उतरताना पायाखाली बारीक मुरमाचा घसारा असतो. राजगड-तोरण्याच्या धारेची इतकी हुबेहूब रंगीत तालीम दुसरीकडे होत नाही. पुष्कळ लोक ही वाट पौर्णिमेला रात्री करतात. मजा येते, पण तालीम म्हणून करायची तर एकदा दिवसा करा, म्हणजे स्वतःला पाणी किती लागतं ते कळेल.

रोजच्या सरावाला वेताळ टेकडी किंवा तळजाई पुरेशी आहे. आठवड्यातून तीन दिवस, चढ-उतार दोन्ही. जिममधल्या ट्रेडमिलवर दम वाढतो, पण दगडावर पाऊल कसं टाकायचं ते शिकता येत नाही.

कोणत्या दिवसांत जायचं

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. गवत वाळायला लागलेलं असतं, वाट स्पष्ट दिसते, हवा थंड असते. दिवस मात्र लहान. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगराच्या पूर्व अंगाला त्याच्या बरंच आधी सावली पडते.

ऑगस्ट-सप्टेंबरात सोनकी, तेरडा फुललेला असतो आणि फोटो बघून जीव हळहळतो, हे मान्य. पण त्या दिवसांत धारेवर धुकं बसतं, दहा पावलांपुढचं दिसत नाही आणि बुधल्याखालचा कातळ शेवाळाने निसरडा होतो. पावसात राजगड करा, तोरणा करा, वेगवेगळे करा. रेंज पहिल्यांदा पावसात करू नका. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचं दुपारचं गडगडाटी वादळ उघड्या धारेवर गाठू शकतं. मार्चनंतर पाणी आटतं, वणवे लागतात, कातळ तापतो. दुपारी एकच्या उन्हात तोरण्याचा चढ चढणं म्हणजे स्वतःवर सूड उगवणं.

राजगडाहून तोरणा की उलट

दोन्ही बाजूंनी जाता येतं आणि दोन्ही बाजूंचे पक्षपाती आहेत. मी राजगडाहून तोरण्याला जाण्याच्या पक्षाचा. तोरणा राजगडाच्या पश्चिम-वायव्येला आहे, म्हणजे सकाळभर ऊन पाठीवर राहतं. बुधल्याखालचा कातळटप्पा चढताना येतो, उलट गेलात तर तो उतरावा लागतो, आणि कातळ चढणं नेहमीच उतरण्यापेक्षा सोपं. शिवाय शेवट तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्यात होतो. तिथे हॉटेलं आहेत, एसटी आहे, दवाखाना आहे. उलट दिशेने गेलात तर दिवसाच्या शेवटी राजगडावरून काळोखात पायथ्याच्या गुंजवणे गावाची वाट उतरायची वेळ येऊ शकते.

तोटा एकच: सगळ्यात खडा चढ दुपारी येतो, अंगातलं त्राण संपत आलेलं असताना. त्यावर उपाय म्हणजे लवकर निघणं. दुसरा उपाय नाही.

सॅकमध्ये काय

पाणी माणशी चार लिटर. राजगडावर पद्मावती माचीवर टाक्या आहेत, तोरण्यावर मेंगाईच्या देवळाच्या परिसरात आहेत. मधल्या धारेवर कशावरही विसंबू नका. चार लिटर म्हणजे चार किलो, त्यामुळे बाकीचं सामान निर्दयपणे कमी करा. एक बाटली वेगळी, न उघडलेली ठेवायची आणि तिला खिंडीपर्यंत हात लावायचा नाही. इलेक्ट्रॉलची दोन-तीन पाकिटं.

बूट जुने, पण तळवा न झिजलेले. नवे बूट घालून आलेला माणूस अकरा वाजेपर्यंत टाचेला चिकटपट्ट्या लावत बसलेला असतो. फार महागडे, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आपल्या डोंगरांत लागत नाहीत. कातळावर चिकटणारा रबरी तळवा महत्त्वाचा. अ‍ॅक्शनचे साधे ट्रेकिंग शूज घालून सह्याद्री पालथा घातलेली माणसं पुण्यात पैशाला पासरी सापडतील.

डोक्यावरची विजेरी प्रत्येकाकडे हवी. मोबाइलचा टॉर्च चालत नाही, कारण उतारावर दोन्ही हात मोकळे लागतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पँट, कारवीच्या झुडपांतून जाताना हात-पाय ओरबाडून निघतात. क्रेप बँडेज, जंतुनाशक, स्वतःची नेहमीची औषधं, एक शिट्टी. सात-आठ जणांत मिळून वीस-पंचवीस मीटरचा एक दोर आणि तो बांधता येणारा एक माणूस. माणूस नसेल तर दोराचं ओझं कशाला? खाण्याला गुळपोळी, दशम्या, खजूर, चिक्की, संत्री. वेफर्सची पाकिटं नेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. खाऊन तहान लागते आणि पाकीट वाऱ्याने दरीत जातं. फोनमध्ये वाटेचा ट्रॅक आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा. धारेवर रेंज येते-जाते, आणि हा विनोद प्रत्येक ट्रेकला कुणीतरी करतंच.

पोचायचं कसं, झोपायचं कुठे

सातारा रस्त्याने खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्याला उजवीकडे वळायचं. नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर करत रस्ता वेल्ह्याला जातो. मार्गासनीहून डावीकडे साखरमार्गे गुंजवण्याला फाटा फुटतो. पुण्यातून गुंजवणे किंवा वेल्हे गाठायला गाडीने दीड-दोन तास धरा. शनिवारी सकाळी निघालात तर कात्रज ते खेड शिवापूरच्या रांगेसाठी आणखी वेळ हाताशी ठेवा. स्वारगेटहून एसटी आहे, फेऱ्या मोजक्या आहेत, वेळ आदल्या दिवशी स्थानकावर विचारून घ्या.

स्वतःची गाडी नेली तर ती एका टोकाला राहते आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला उतरता. सोपा मार्ग असा: गाडी वेल्ह्यात लावा आणि आदल्या संध्याकाळी जीप ठरवून राजगडाच्या पायथ्याला या. दमलेल्या अंगाने रात्री वाहन शोधत फिरावं लागत नाही.

मुक्कामाला दोन पर्याय. पूर्वी सगळे पद्मावतीच्या देवळात झोपायचे. गडावरच्या मुक्कामाचे नियम बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी गावात फोन करून विचारा आणि नाही म्हणाले तर हुज्जत घालू नका. गावातच राहणं मला जास्त पसंत आहे. पायथ्याच्या गावांत घरगुती सोय होते. संध्याकाळी पिठलं-भाकरी आणि ठेचा, रात्री ओसरीवर पथारी. मावशींना रात्रीच सांगून ठेवलं तर पहाटे चहा आणि दुपारसाठी भाकरी बांधून मिळते. पैशांवरून घासाघीस करू नका. तीनला उठून चूल पेटवणाऱ्या बाईशी वीस रुपयांवरून वाद घालणारी पुणेरी मंडळी पाहिली की शरमल्यासारखं होतं.

पहाटे चार: पायथा ते संजीवनी

राजगडावर जायच्या दोन वाटा नेहमीच्या. गुंजवण्यातून चोर दरवाजाची वाट जवळची, पण शेवटचा टप्पा खडा आहे, रेलिंग धरून चढावं लागतं. पाली दरवाजाची वाट वाजेघर-पालीच्या बाजूने येते. ती रुंद, पायऱ्यांची, जुना राजमार्ग म्हणतात ती. एरवी मी चोर दरवाजा सुचवला असता. पण रेंजसाठी काळोखात निघायचं असतं आणि पाली दरवाजा तुम्हाला बालेकिल्ल्याखाली, संजीवनीच्या वाटेच्या जवळ आणून सोडतो. म्हणून पाली. अडीच ते तीन तास धरा. पहाटे चारला निघालात तर सूर्य उगवता-उगवता गडावर.

पाणी भरायला पद्मावती माचीवर वाकडी वाट करून या. देवळाजवळच्या टाक्यांतलं पाणी गाळून, शक्य तर गोळी टाकून घ्या. इथे थांबायचा मोह होतो. हा गड रायगडाच्या आधी पंचवीसेक वर्षं स्वराज्याची राजधानी होता. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले तेव्हा राखलेल्या बारांमध्ये राजगडही होता आणि तोरणाही. आग्र्याहून सुटून महाराज १६६६ मध्ये परतले ते इथेच. बघण्यासारखं इतकं आहे की एक दिवस पुरत नाही, आणि म्हणूनच आज बघू नका. बालेकिल्ला, सुवेळा माचीवरचं नेढं (कातळातलं आरपार भोक), हे सगळं वेगळ्या वारीसाठी ठेवा. रेंजच्या दिवशी बालेकिल्ल्यावर जाऊन आलेला गट खिंडीत तास-दीड तास उशिरा पोचतो, हे पुन्हा पुन्हा दिसतं.

पद्मावतीवरून बालेकिल्ल्याकडे तोंड केलं की डावी वाट सुवेळ्याला, उजवी संजीवनीला. उजवी धरा. संजीवनी माची लांबच लांब आहे, टप्प्याटप्प्याने खाली उतरत जाणारी, शेवटी दुहेरी तटबंदी आणि चिलखती बुरूज. दोन तटांमधल्या बोळातून जाताना एकदा हात लावून बघा. आतला आणि बाहेरचा तट यांच्यामध्ये माणूस जेमतेम मावेल एवढी जागा आहे. बाहेरची भिंत पडली तरी शत्रू या फटीत अडकावा अशी रचना. डावीकडे खाली भाटघर धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. त्याला येसाजी कंकांचं नाव दिलंय आणि त्यांचं भुतोंडे गाव त्याच अंगाला आहे.

माचीवर अळू दरवाजा शोधा. तोरण्याची वाट त्यातून बाहेर पडते. आठ वाजता या दरवाजातून बाहेर असलात तर वेळापत्रकात आहात.

अळू दरवाजा ते खिंड

पहिला उतार घसाऱ्याचा. बारीक मुरूम, खाली घट्ट जमीन, वर वाळलेलं गवत: सगळ्यात फसवी मिसळण. टाच रोवून, गुडघा किंचित वाकवून, छोटी पावलं टाका. लांब पाऊल टाकलं की वजन मागे जातं आणि माणूस बसतो. बसला तर हरकत नाही. गवताला धरून सावरायला गेला की गवत उपटून हातात येतं. दोघांमध्ये अंतर ठेवा, कारण वरच्याच्या पायाखालचा दगड खालच्याच्या डोक्यावर येतो. दगड सुटला की "दगड!" म्हणून जोरात ओरडायचं, खालच्याने वर बघायचं नाही.

उतार संपला की धार सुरू होते आणि तिथून वाट शोधण्याचं एकच सूत्र: शंका आली की धारेवर या. वाट कधी धारेच्या माथ्यावरून जाते, कधी टेपाडाला डावी-उजवी घालून आडवी जाते. अशा आडव्या जागी कारवीतून तीन-तीन वाटा फुटलेल्या असतात. त्यातल्या दोन ढोरवाटा. ओळखायच्या कशा? माणसाच्या वाटेवर दगड बुटांच्या घर्षणाने गुळगुळीत झालेले असतात, गोळ्या-बिस्किटांचे कागदही दुर्दैवाने सापडतात. ढोरवाट रुंद असते, खुरांनी उखडलेली, आणि शंभरेक पावलांत पाण्याकडे किंवा चरायच्या उताराकडे खाली वळते. वाट बराच वेळ खालीच जाऊ लागली, धार डोक्यावर उंच दिसू लागली, की थांबा आणि मागे फिरा. दगडांच्या लगोऱ्या आणि रंगाचे बाण दिसतील, पण बाण काढणारा कुठे चालला होता हे आपल्याला माहीत नसतं, एवढं लक्षात ठेवा.

"खाली गाव दिसतंय, सरळ उतरू" हा विचार सह्याद्रीत सगळ्यात घातक. त्याचं कारण दगडातच आहे. हा सगळा डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे, थरावर थर. कठीण थराचा उभा कडा होतो, मऊ थराचा उतार आणि झाडीचा पदर. वरून बघताना फक्त पदर दिसतात, मधले कडे दिसत नाहीत. माणूस एक पदर उतरतो, दुसरा उतरतो आणि मग एका कड्याच्या माथ्यावर येऊन उभा राहतो. खाली जाता येत नाही आणि घसाऱ्यावरून परत वर चढायला अंगात जोर नाही. नाळेतून (डोंगरातल्या अरुंद, खड्या घळीतून) किंवा ओढ्यातून उतरायला गेलं तरी तेच होतं. ओढा कड्यावरून धबधब्याने उडी मारतो, आपल्याला मारता येत नाही.

या टप्प्याला अडीच ते तीन तास. पाणी घोटघोट, दर अर्ध्या तासाने, तहान लागायची वाट न बघता. शेवटचा माणूस अनुभवी ठेवा आणि त्याच्या मागे कुणी राहता कामा नये. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचं.

खिंड: इथे निर्णय

वेल्ह्याच्या खोऱ्यातून भुतोंड्याकडे जाणारा गाडीरस्ता धार ओलांडतो ती ही जागा. डोंगरातून एकदम डांबरावर पाय पडला की विचित्र वाटतं. जवळपास धनगरांची घरं आहेत. सुट्टीच्या दिवशी ताक मिळतं, थंडगार, वर मीठ-जिऱ्याची चिमूट. प्या, पैसे द्या, आणि घड्याळ बघा.

अकरा वाजलेत: उत्तम. अर्धा तास बसा, भाकरी खा, बूट काढून पाय मोकळे करा.

बारा वाजलेत: शेवटची हद्द. दहा मिनिटांत निघा.

बाराच्या पुढे काटा गेला असेल तर ट्रेक इथेच संपवा. हिशोब साधा आहे. खिंडीतून बुधला तीन-साडेतीन तास. बुधल्यापासून मेंगाईच्या देवळापर्यंत पाऊण तास. तिथून वेल्हे दीड ते अडीच तास. बाराला निघालात तर मेंगाईपाशी सव्वाचार वाजतात आणि बिनी दरवाजाखालचा खडा भाग उजेडात उतरून होतो. एकला निघालात तर त्याच भागात अंधार गाठतो, तोही दिवसभरच्या चालीने पाय थरथरत असताना. आणि हे कुणी मुरगळलं नाही, कुणाला उलटी झाली नाही असं धरून.

गटात एखाद्याचे पाय भरून आले असतील, तर वेळ असूनही त्याने इथून रस्ता धरावा, सोबत एक धडधाकट माणूस देऊन. खिंडीच्या पुढे बुधल्यापर्यंत बाहेर पडायला सरळ वाट नाही. हा निर्णय कोण घेणार ते आदल्या रात्रीच ठरवा. खिंडीत उभं राहून मतदान घेतलं की नेहमी "जाऊ रे, होईल" हाच पक्ष जिंकतो. सव्वा वाजता असं मतदान जिंकून पुढे गेलेला एक गट मला एकदा वेल्ह्यात भेटला. रात्री साडेनऊला ते खाली आले, आठ जणांत दोन टॉर्च, आणि जिंकलेल्यांपैकी एकही जण बोलण्याच्या परिस्थितीत नव्हता.

खिंड ते बुधला

रस्ता ओलांडला की चढ. मध्ये झाडीचा पट्टा लागतो, तिथे सावली आहे; दिवसातली शेवटची सावली समजून पाच मिनिटं टेका. वाट धारेला लागली की समोर बुधला दिसतो. तेलाचा बुधला उपडा ठेवावा तसा सुळका, म्हणून हे नाव. तो नजरेसमोर ठेवला की दिशा चुकत नाही, पण तो लवकर जवळही येत नाही.

शेवटी धार अरुंद होते आणि खडा घसारा आणि कातळ यांचा टप्पा येतो. कातळाची भीती वाटणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो. काठी सॅकला अडकवा, दोन्ही हात मोकळे करा. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार नेहमी दगडावर हवेत. एका वेळी एकच हलवायचा. धरायच्या दगडावर आधी तळव्याने थापटून बघा. भरीव आवाज आला तर पक्का, पोकळ डबडब आवाज आला तर सुटा. धरल्यावर दगड खाली दाबा, बाहेर ओढू नका. आणि कातळाला पोट चिकटवू नका. भीतीने सगळे चिकटतात, त्यामुळे पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही आणि बूट घसरतो. अंग थोडं लांब, वजन पायांवर. कुणी भीतीने थिजला तर वरून दोर द्या आणि खालून एकाने त्याचं पाऊल हाताने खोबणीत ठेवून द्या. "काही नाही रे, सोपं आहे" असं म्हणू नका. त्याच्यासाठी ते सोपं नसतं.

वारा जोरात असेल, कातळ ओला असेल किंवा वीज चमकत असेल तर या टप्प्याला हात लावायचा नाही. त्या दिवसापुरता खिंडीत परतण्याचाच रस्ता उरतो.

तोरण्यावर आणि खाली

बुधला माचीवरून कोकण दरवाजाने मुख्य गडावर यायचं. पश्चिमेला नजर टाकली तर हवा स्वच्छ असताना रायगड आणि लिंगाणा ओळखू येतात. मेंगाईच्या देवळापाशी पाणी भरा, बसा, खा. हा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, महाराजांनी अगदी सुरुवातीला घेतलेल्या गडांपैकी. विस्तार बघून त्यांनी प्रचंडगड नाव ठेवलं, ते किती चपखल आहे हे आज पायांना समजलेलं असतं. १७०४ मध्ये औरंगजेबाला तो लढून घ्यावा लागला. झुंजार माची खाली सुंदर दिसते. आज वरूनच नमस्कार करा. तिकडे उतरायची वाट अवघड आहे आणि हे साहस दिवसाच्या शेवटी करायचं नव्हे.

चारला उतरायला लागा. कोठी दरवाजा, मग बिनी दरवाजा, त्याखाली रेलिंग लावलेला खडा कातळ. पुढे वाट सोंडेवर येते आणि वेल्हे सारखं दिसत राहतं, जवळ मात्र येत नाही. इथेच घोटे मुरगळतात. पोचलोच आता म्हणून पावलं लांब पडतात, गप्पा सुरू होतात, नजर खालून उठते. रेलिंग आधाराला धरा, पण पूर्ण भार टाकू नका. पाऊसपाण्याने गंजलेला एखादा खांब हलतो.

काही बिनसलं तर

मोहोळं दोन्ही गडांच्या कड्यांवर असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, धूर करू नका, शिट्ट्या-आरडाओरडा नको. आग्या माशा उठल्याच तर हातवारे न करता तोंड-मान कपड्याने झाकून त्या जागेपासून दूर व्हा. कड्याच्या बाजूला पळू नका.

साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळपट्टी बांधायची नाही. फुरसं आणि घोणस दोन्ही आपल्या डोंगरांत आहेत. चावलेला हात किंवा पाय फळी-काठी बांधून स्थिर ठेवा, माणसाला शक्यतो चालवू नका आणि प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. वेळ लिहून ठेवा. साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

वाट पूर्ण हरवली आणि अंधार पडला तर चालणं थांबवा. कड्यापासून लांब, आडोशाची सपाट जागा बघून सगळे एकत्र बसा, असतील ते कपडे अंगावर चढवा आणि उजाडायची वाट पहा. डिसेंबरातली एक थंड रात्र निघून जाते. ११२ ला फोन लावून फोनच्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश सांगा आणि मग बॅटरी वाचवा. महाराष्ट्रात गिर्यारोहकांच्या बचाव पथकांचा समन्वय करणारं केंद्र आहे, त्याची हेल्पलाइन घरूनच फोनमध्ये साठवून ठेवा. त्या पथकांतली माणसं आपापली नोकरी-धंदा सांभाळून विनामोबदला रात्रीबेरात्री डोंगर चढतात. आणि घरच्या एका माणसाला कागदावर लिहून द्या: वाट कोणती, सोबत कोण, वेल्ह्यात किती वाजता अपेक्षित, कितीपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं.

यानंतर

पाय शिल्लक असतील तर पुढची स्वाभाविक वाट तोरण्याहून रायगड. बुधल्यावरून पश्चिमेला उतरून घाटमाथ्यावरच्या मोहरी-सिंगापूरकडे, तिथून बोराट्याच्या नाळेने कोकणात. ही दोन-तीन दिवसांची चाल आहे. नाळेत मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरायचं आणि एका जागी दरीच्या काठाने आडवं जायचं असतं, तिथे दोर लावावाच. वाटाड्या गावातूनच घ्या, मोहरी किंवा सिंगापूरचा. त्याआधी घाटवाटांची सवय हवी असेल तर वेल्ह्याच्या पुढे केळदला जा. मढे घाटाने उतरायचं, कर्णवडीमार्गे उपांड्या घाटाने परत वर यायचं, एका दिवसात होतं. केळदच्या गाडीची वेळ मात्र जाताना ड्रायव्हरलाच विचारून ठेवा.